वीरकांतीची उत्तरं लिहिणारा रामदास

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत रामदासइतकं देखणं अक्षर कुणाचं नव्हतं. मॅट्रिक झाला आणि त्या अक्षरावरच त्याला गिरगावात एका औषधालयात नोकरी लागली. औषधाचं नाव वीरकांती रसायन. ‘गेलेली मर्दानी ताकद एकवीस दिवसांत परत’ अशी त्याची जाहिरात यायची. दुकानाची पायरी चढायला पुरुष लाजत, म्हणून हाकेच्या अंतरावर राहणारेसुद्धा पत्र टाकत. मालक जगदीशशेठनी उत्तराचे तीन मसुदे करून दिले होते. रोग कुठलाही असो, तिन्हींचा शेवट एकच: दुसरी बाटली मागवा.

पंचावन्नच्या पावसाळ्यानंतर लोअर परळच्या गणपतचं पहिलं पत्र आलं. गणपत मूळचा कोकणातला, गिरणीत साच्यावर कापड विणायचा. लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नाही. त्याने लिहिलं होतं, ‘गालगुंडाच्या तापात अंड सुजलं होतं. तेव्हापासून दाढी विरळ होत चालली आहे. साच्यासमोर उभं राहवत नाही. उगाच रडू येतं. बायकोजवळ जायचीही भीती वाटते.’ रामदासने पहिला मसुदा उतरवून पाठवला. दुसऱ्या पत्राला दुसरा, तिसऱ्याला तिसरा.

जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही असं जाहीर झालं आणि शहर पेटलं. गोळीबार, संचारबंदी. औषधालय आठवडाभर बंद राहिलं. उघडलं त्या दिवशी दाराच्या फटीतून आत पडलेली पत्रं रामदासने गोळा केली. त्यात गणपतचं चौथं होतं.

‘सगळ्या बाटल्या संपल्या. दाढी करायलाच लागत नाही आता. शेवंतीचं आयुष्य माझ्यापायी नासायला नको. सोमवारी कामावर जातो सांगून निघून जाणार आहे. मी बरा होईन का, एवढंच खरं कळवा. होईन म्हणालात तर थांबेन.’

तो सोमवार उलटून चार दिवस झाले होते.

रामदास पत्र खिशात घालून तडक लोअर परळला गेला. गणपतच्या खोलीसमोर बायका जमल्या होत्या. शेवंती उंबऱ्यात बसली होती. सोमवारी कामावर गेलेला नवरा परतलाच नव्हता. शेजारच्यांनी इस्पितळं पालथी घातली, शवागारही पाहिलं. कुठल्याच यादीत नाव नव्हतं.

“गोळीबारातच गेला. पोलिसांनी गुपचूप जाळला असणार,” एक जण म्हणाला.

“तुम्ही गिरणीतले काय?” शेवंतीने विचारलं.

रामदासने मान हलवली. ती हो होती की नाही, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. तो तसाच परत आला.

लोअर परळच्या त्या चाळीने पुढे गणपतचा फोटो लावला, हार घातला. त्या रस्त्याने मोर्चा निघाला की पोरं त्याच्या नावाचा जयजयकार करायची. शेवंतीने कुंकू पुसलं. रामदास मात्र औषधालयात बसून तेच तीन मसुदे लिहीत राहिला, पण आता प्रत्येक पाकिटातून एकच माणूस विचारत असे: मी बरा होईन का? तो पुन्हा तिकडे फिरकला नव्हता, गणपतचा चेहरा त्याने फोटोतही पाहिला नव्हता. त्यामुळे गुळगुळीत गालाचा कुणीही पुरुष दिसला की तो थांबून त्याला निरखायचा. नाक्यावर, न्हाव्याच्या दुकानात, कुठेही. एकदा तो अशाच एका माणसामागे थेट शीव कोळीवाड्यापर्यंत चालत गेला. तो माणूस वळला, “काय पायजे?” म्हणाला. रामदास आल्या वाटेने परत फिरला.

छप्पन्नच्या डिसेंबरात दादरला आमच्या सगळ्या चाळीबरोबर त्यानेही बुद्धाची दीक्षा घेतली. त्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही एकत्र बसून पंचशील म्हणायचो. खोटं न बोलण्याचं शील आलं की रामदासचा आवाज बंद व्हायचा. त्याची आई कमलाबाई त्याच्याकडे बघत राहायची.

तिचा खोकला दाखवायला तो परळच्या एका इस्पितळात गेला, तेव्हा त्याने डॉक्टरांना विचारलंच.

“मोठेपणी गालगुंड झालं की कधी कधी अंड निकामी होतं,” डॉक्टर म्हणाले. “मग पुरुषाच्या शरीराला लागणारा रस पुरेसा तयार होत नाही. दाढी झडते, ताकद जाते, मन खचतं. त्याची इंजेक्शनं आहेत आता. मूल होईलच असं नाही, पण माणूस उभा राहतो. कोण आहे? घेऊन या.”

दुसऱ्याच दिवशी त्याने नोकरी सोडली आणि शेवंतीकडे गेला. तिने ओळखलं. गणपतच्या ट्रंकेत सापडलेली पाकिटं तिने आपणहून पुढे केली.

“माका वाचूक येत नाय, भाऊ. कोणाची ही पत्रां?”

रामदासने स्वतःचीच तिन्ही पत्रं तिला वाचून दाखवली. मग खिशातलं गणपतचं चौथं पत्र वाचलं, ही तीन मीच लिहिली असं सांगितलं, आणि डॉक्टर काय म्हणाले तेही.

तिने चारही पत्रं गोळा करून मांडीवर ठेवली.

“मूल नाय म्हणान मी त्येंका कधी एक शब्द बोलूक नाय,” ती म्हणाली. मग एकदम, “म्हणजे गोळी नाय लागली?”

“नाही.”

“म्हणजे ते जिते आसतले.”

तिने उठून फोटोचा हार काढला आणि कुंकू लावलं. चाळीने तिला वेडी ठरवलं. पोरं घोषणा द्यायला आली तर ती दार लावून घ्यायची.

रामदास पुढे पोस्टाबाहेर लोकांची पत्रं लिहून पोट भरू लागला. दर रविवारी तो लोअर परळला जायचा. सोलापूर, इंदूर, अहमदाबाद, जिथे जिथे गिरण्या, तिथल्या कामगारांच्या नावे शेवंती पत्र सांगायची: असा असा माणूस, दाढी नाही, गणपत नाव, परळात औषध आहे म्हणून सांगा, घरी या म्हणून सांगा. साठ सालच्या मेमध्ये गल्लीत दिव्यांच्या माळा लागल्या, पेढे वाटले गेले, त्या रविवारीही पत्र गेलंच. उत्तर एकालाही आलं नाही.

लिहून झालं की रामदास ते तिला वाचून दाखवायचा. ती मान हलवायची. मग कागद उचलून शेजारच्या कौसल्याकडे न्यायची, तिच्याकडून पुन्हा अक्षरन् अक्षर वाचून घ्यायची, आणि मगच पाकीट चिकटवू द्यायची. वर्षानुवर्षं तो दारात उभा राहून कौसल्याचं वाचणं संपायची वाट बघायचा.