आडवं होता येत नव्हतं ती चवथ

"हृदय नीट पंप करत नाहीये," डॉक्टर म्हणाले. ते मला नाही, शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरीणबाईंना सांगत होते. मी मात्र तिथेच होते. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केलेली, छातीवर थंडगार जेली आणि समोरच्या पडद्यावर काहीतरी करडं, मंद हलणारं. ते माझं हृदय होतं.

मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "याला पेरिपार्टम कार्डिओमायोपथी म्हणतात. बाळंतपणाच्या आगेमागे काही बायकांच्या हृदयाचा स्नायू कमजोर होतो, सैल पडतो. रक्त पुढे ढकललं जात नाही, मागे साचतं आणि त्याचं पाणी फुप्फुसांत उतरतं. म्हणून आडव्या झालात की तुम्हाला गुदमरतं."

मी म्हटलं, "पण सगळे म्हणत होते, अशक्तपणा आहे."

"अशक्तपणा आहेच," ते म्हणाले, "पण हृदयाचा."

बाहेर चवथीचा, म्हणजे गणेशचतुर्थीच्या सणाचा, दुसरा दिवस होता आणि माझी मुलगी अजून महिन्याची झाली नव्हती.

हे मी अशा बायकांसाठी लिहिते आहे ज्यांना बाळंतपणानंतर श्वास पुरत नाही आणि ते कुणाला कसं सांगावं हे कळत नाही. मला कळलं नव्हतं.

मी मूळची गोव्यातल्या सुर्ल्याची. बाबा खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. आई मी कॉलेजात असतानाच गेली, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते माहेरी न होता पेडण्यात, कोरगावच्या सासरच्या घरी झालं. नवरा संदेश मुरगाव बंदरात कामाला. आठवडाभर तो तिकडेच राहतो, सुट्टीला घरी येतो. त्यामुळे घरात सासूबाई आणि मी. त्यांना मी आई म्हणते. आईंनी माझं बाळंतपण जीव ओतून केलं. पहाटे उठून चुलीवर पाणी तापवायचं, मला तेल लावायचं, बाळाला न्हाऊ घालायचं, मग माझ्यासाठी पेज. पेजेबरोबर मिठात मुरवलेली कैरी. मला ती इतकी आवडायची की त्या रोज जास्तीची फोड वाढायच्या. मीठ माझ्या अंगात पाणी धरून ठेवत होतं, हे तेव्हा आम्हां दोघींनाही माहीत नव्हतं.

बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी आल्यावर थोड्याच दिवसांत माझे पाय सुजले. गरोदरपणातही सुजले होते, म्हणून कुणाला नवल वाटलं नाही. मग खोकला सुरू झाला. कोरडा, आडवं झालं की येणारा. गावातल्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं. मी उशीवर उशी रचून झोपू लागले. काही दिवसांनी उशाही पुरेनात. मी मेज पलंगाजवळ ओढून घेतलं आणि त्याच्यावर हात टेकून, हातांवर कपाळ ठेवून बसल्याबसल्या डोळे मिटायची.

आईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पयल्या बाळंतपणात अशेंच जाता गो. म्हाकाय जाल्लें." पहिल्या खेपेला असंच होतं, मलाही झालं होतं. त्यांनी हे मायेने सांगितलं आणि मी विश्वास ठेवला. न ठेवायला कारण काय होतं? मी याआधी कधी आई झाले नव्हते. काय नेहमीचं आणि काय नाही, हे मी कशावरून ठरवणार?

माझी खोली घराच्या कडेला होती. एकच जनेल, म्हणजे खिडकी, तेही बंद. "वारें लागतलें," आई म्हणायच्या आणि मी उघडलं की येऊन लावून जायच्या. शेकाची शेगडी, तेलाचा वास, ओल्या दुपट्यांचा वास. मला हवा हवी होती. पण बाळंतिणीला वारा लागू नये, बाळाला लागू नये, हे मला पटवून द्यायची गरज नव्हती, मीही तेच ऐकत मोठी झाले होते. म्हणून मी बंद खिडकीकडे बघत बसायची आणि वाटायचं, दोष माझ्यातच आहे. या खोलीत आजवर कितीतरी बायका महिनाभर राहिल्या असतील. मलाच का कोंडल्यासारखं होतं?

मग चवथ आली.

कोरगावचं घर आमच्या भावकीचं मूळ घर, त्यामुळे चवथीला सगळे तिथेच येतात. संदेशचे काका-काकू मुलासुनांसह आले, नणंद प्रतिमाताई डिचोलीहून आली, संदेश रजा घेऊन आला. सुयेर, म्हणजे जन्माचं सोयर, संपलं होतं, बारसं झालं होतं, मुलीचं नाव सान्वी ठेवलं होतं. पण बाळंतिणीने एवढ्यात देवाजवळ जायचं नाही, हा घरचा रिवाज. म्हणजे गणपती घराच्या चौकात आणि मी कडेच्या खोलीत. गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची माटोळी बांधताना पुरुषांची चाललेली हुज्जत मला ऐकू येत होती. नारळ मध्ये की कडेला, आंबाड्याची डहाळी कुठे. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला मी स्वतः रानातली फळं दोऱ्यात ओवली होती. आता मी माटोळी नुसती ऐकत होते.

बायका एकेक करून बाळाला बघायला येत. बाळाचं नाक कुणासारखं, केस किती दाट, दूध पुरतं का. मग माझ्याकडे बघून, "सुजलीस गो, बरं पोसलंय सासूने." मी हसायची. हसताना दम लागू नये म्हणून तोंड मिटून हसायची. सांगावंसं वाटायचं, पण बाहेर नेवऱ्या तळल्या जात होत्या, खतखतं शिजत होतं, आई पहाटेपासून उभ्या होत्या. सगळ्यांच्या चवथीत मी काय म्हणून खोडा घालू? हा विचार माझ्या आजारापेक्षा कमी घातक नव्हता, हे आता कळतं.

संध्याकाळची आरती सुरू झाली. आमच्याकडे घुमट वाजवून आरती होते. मातीचं घुमट, शामेळ, कासाळं, आणि त्यावर सगळ्या भावकीचे आवाज. भिंती थरथरतात. सान्वी दचकून उठली आणि रडायला लागली. ती पलंगाच्या दुसऱ्या टोकाला होती, हात लांब केला तर पोचावा एवढ्या अंतरावर. मी उठायला गेले आणि उठता येईना.

श्वास आत जात होता पण कुठे पोचत नव्हता. छातीत बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येत होता. मी पुन्हा मेजावर वाकले. मुलगी समोर लाल होऊन रडते आहे, तोंड उघडं, पाय झाडते आहे, आणि घुमटाच्या गजरात तिचा आवाज मलाच नीट ऐकू येत नाही. मी "आई" अशी हाक मारली. ती दारापर्यंतसुद्धा गेली नाही. "संदेश" म्हणायला गेले तर अर्ध्यातच खोकला आला. पलीकडे घरात पंचवीस-तीस माणसं, सगळी माझी, आणि एकालाही मी बोलावू शकत नव्हते. तेवढी एकटी मी माझी आई गेल्यावरही झाले नव्हते.

शेवटी पेजेचं पितळी ताट हाताला लागलं. ते मी मेजावर आपटलं. आपटत राहिले. दोन आरत्यांच्या मध्ये जरा शांत झालं तेव्हा ते कुणाच्या तरी कानी गेलं आणि प्रतिमाताई दारात आली.

"वयनी, तू अशी कित्याक बसता गो?" तिने बाळाला उचललं, दिवा लावला, आणि तिचा चेहराच बदलला. "तुजे ओंठ निळे दिसतात!"

तिने सगळ्यांना हाक मारली. खोलीत गर्दी झाली. कुणी म्हणालं वारं बाधलं, कुणी म्हणालं दृष्ट लागली. काका दारातूनच म्हणाले, "आयज चवथ. पांच दीस सोंपूंदी, मागीर व्हरया." पाच दिवस होऊ देत, मग नेऊ. काका वाईट माणूस नाहीत. चवथीला घरातून कुणी हॉस्पिटलात जावं, हे त्यांना अशुभ वाटलं, एवढंच.

आई खाली बसल्या होत्या. त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला आणि घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. रोज सकाळी याच पायांना त्यांनी तेल लावलं होतं.

"गणपती फुडल्या वर्साय येतलो," त्या उठून म्हणाल्या. "हिका आयजच व्हरूंक जाय. संदेश, गाडी काड."

पूजेचं लुगडं न बदलता त्या गाडीत बसल्या, सान्वीला पदरात घेऊन. त्यांनी गाडीच्या सगळ्या काचा स्वतः खाली केल्या.

हॉस्पिटलात पोचल्यावर नाकाला ऑक्सिजन लावला. ईसीजी काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. छातीचा एक्स-रे काढला, त्यात फुप्फुसांत पाणी दिसलं. फ्युरोसेमाइड नावाचं इंजेक्शन दिलं, ते शरीरातलं साठलेलं पाणी लघवीवाटे काढतं. सकाळी टूडी एको झाला. ही हृदयाची सोनोग्राफी, ती दुखत नाही. तिच्यातच निदान झालं. मघा सांगितलं ते हेच.

आयसीयूत बाळाला नेत नाहीत. सान्वी आईंबरोबर म्हापशाला संदेशच्या मित्राच्या घरी राहिली. माझ्या एका हाताला सलाइन, दुसऱ्याला रक्तदाबाचा पट्टा, छातीला तारा. कूस बदलली तरी यंत्र ओरडायचं. घरच्या खोलीतून सुटून मी आणखी छोट्या जागेत येऊन पडले होते. फरक एवढाच की इथे श्वास येत होता.

छातीत दूध भरून आलं की शर्ट भिजायचा. डॉक्टर म्हणाले, "दूध थांबवणारी गोळी सुरू करूया. ब्रोमोक्रिप्टीन. दूध आणणारं जे हार्मोन असतं, तेच या आजारात काही जणींच्या हृदयाला त्रास देतं असं आम्हाला वाटतं. सगळ्यांना ही गोळी लागत नाही. तुम्हाला द्यावी असं माझं मत आहे."

"आणि मुलगी?"

"मुलगी डब्याच्या दुधावर वाढेल. तिला आई लागेल."

मी हो म्हटलं. त्यानंतर दोन-तीन दिवस छाती दगडासारखी झाली आणि मग रिकामी. संदेश फोनवर सान्वीला दाखवायचा, ती बाटलीतून पटापट पीत होती. तिला काहीच अडत नव्हतं याचा मला आनंद व्हायला हवा होता. मला मत्सर वाटला.

मग एका दुपारी नर्सबाईंनी पलंग हळूहळू सपाट केला. "बघा, जमतं का." मी आडवी झाले. नुसती पाठीवर, सरळ. खोकला आला नाही. छताकडे बघत मी अशी रडले की त्या घाबरून पुन्हा पलंग वर करायला लागल्या.

घरी सोडलं तेव्हा चवथ कधीच संपली होती, माटोळी उतरली होती. गोळ्यांची पिशवी मोठी होती. हृदयावरचा भार कमी करणाऱ्या गोळ्या, ठोके सावकाश करणाऱ्या, रक्त पातळ ठेवणारी. मीठ जवळजवळ बंद, पाणी मोजून, मुलीला उचलून फिरायचं नाही. शेवटची अट सगळ्यांत जाचक होती. ती रडायची आणि आई तिला खांद्यावर टाकून अंगणात नेत, मी पलंगावरून बघायची. खिडकी आता उघडी असायची. तरी मी आतच होते.

हॉस्पिटलातून निघताना डॉक्टरांनी मला आणि संदेशला बसवून आणखी एक सांगितलं होतं. "दुसरं मूल नको. हृदय बरं झालं तरी पुढच्या गरोदरपणात हे परत येऊ शकतं आणि तेव्हा जास्त गंभीर." संदेशने लगेच मान हलवली. मी नाही. मला तेव्हा दुसरं मूल हवं होतं असंही नाही, पण दार माझ्या हातांनी लावायचं आणि ते कुणीतरी बाहेरून लावायचं, यात फरक असतो. त्या रागातून मी पुरती बाहेर आले आहे असं अजूनही म्हणणार नाही.

बाबा सुर्ल्याहून दर रविवारी बसने यायचे. बोलायचे कमी. माझ्यासाठी अळणी भाजी स्वतः करून डब्यातून आणायचे. ती बेचव असायची. मी सगळी खायची.

तीन महिन्यांनी पुन्हा एको झाला. पंपिंग वाढलं होतं. सहा महिन्यांनी आणखी. "नॉर्मलच्या जवळ आलंय," डॉक्टर म्हणाले, "पण गोळ्या बंद करायच्या नाहीत. बऱ्याचजणी बऱ्या होतात, काहींना वेळ लागतो, काहींचं पूर्ण भरून येत नाही. तुमचं काय होईल ते बघत राहू." मला हे प्रामाणिक उत्तर आवडलं.

आता तुम्हाला सांगायचं ते. बाळंतपणानंतर थकवा सगळ्यांनाच येतो. पण आडवं झालं की श्वास कोंडत असेल, बसून झोपावं लागत असेल, पायाची सूज कमी व्हायच्याऐवजी वाढत असेल, छाती धडधडत असेल, तर वाट बघू नका. सण असो, पाहुणे असोत. डॉक्टरांना "खोकला आहे" एवढंच सांगू नका, "मी आडवी होऊ शकत नाही" असं सांगा. याच शब्दांत. आणि घरात बाळंतीण असेल तर तिला दूध पुरतं का हे विचारण्याआधी झोप कशी लागते ते विचारा. आमच्या आई आता वाड्यावर कुठेही बाळंतिणीला भेटायला गेल्या की हेच विचारतात. काही बायका हसतात. त्या हसू देतात.

यंदा सान्वी वर्षाची झाली आणि चवथीला मी चौकात होते. गौरीच्या दिवशी बायकांनी फुगडीचा फेर धरला. जाऊबाईंनी माझा हात ओढला, "ये गो, फुगडी घालूंया!" आधीची मी असते तर उठले असते, दोन गिरक्या घेतल्या असत्या आणि मग कोपऱ्यात जाऊन कुणाला न कळता धाप जिरवली असती.

"म्हाका दम लागता," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "हांव बसतां."

काकूंनी बाकावर सरकून मला जागा करून दिली, आणि फेर सुरू झाला.