आमदारांची सीट

धुळे-जळगाव एसटीत मला रोज एक म्हातारा दिसायचा. 'आमदारांसाठी राखीव' असं लिहिलेल्या सीटवर तो टोपी नीट करून बसायचा आणि चढणाऱ्या प्रत्येकाला हात जोडायचा. कुणी हटकलं तर शांतपणे म्हणायचा, "आमदार काही एसटीमा येत नही. ज्याना पाय दुखतस, त्यानी खुर्ची शे."

एकदा पारोळ्याला एक गरोदर बाई चढली. गाडी खच्चून भरलेली. म्हातारा लगेच उठला आणि तिला बसवलं. कंडक्टर हसत म्हणाला, "काय आबा, सत्ता सोडली?"

"त्या दोन जण शेतस, भाऊ. मी एकला. बहुमत तिनाकडे शे."

जळगावपर्यंत तो दांडा धरून डुलत उभा होता. सरकार पडल्यावर इतका खुशीत असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.