तीस फुटी गल्ली

शेजाऱ्यांनी गच्चीवर नवे पत्रे घातलेत. दुपारी ते तापले की त्यांचा वास येतो, आणि मी मनानं लातुरातून उठून किल्लारीकडच्या आमच्या गावातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसते. भूकंपाला काही महिने झाले होते. मी दहा वर्षांची, वडिलांना, म्हणजे अण्णांना, टेकून बसलेली. नव्या गावाचा नकाशा पसरून साहेब सांगत होते, गल्ल्या तीस फुटी होतील.

“एवढ्या लांबून शेजाऱ्याला हाक ऐकू जाईल का?” म्हातारे हटून बसले. “आमची जुनी गल्लीच बरी हाय.”

आई गेल्यापासून तिच्याबद्दल अवाक्षर न काढलेले अण्णा उभे राहिले.

“रुंदच करा, साहेब. आमची गल्ली दगडांनी भरली, आत जायला वाट न्हवती. हिच्या आईचा आवाज दुपारपर्यंत येत होता.”

साहेबांनी नकाशाची घडी घातली. तीस फूट ठरलं.

आई दुपारपर्यंत जिवंत होती, हे मला तेव्हाच कळलं. रडू आलं नाही. आज वाटतं, निदान अण्णांचा हात धरायला हवा होता. मी एवढंच विचारलं, “अण्णा, जेवायला कधी जायचं?”

“चल,” म्हणाले.