डावा कान माझ्या वाटणीचा

आमच्या घरात टाचण्या चालतात. खोटं वाटत असेल तर संध्याकाळी साडेसहानंतर कधीही या. माझ्या शिवणाच्या टेबलावर टाचण्यांचा पत्र्याचा डबा असतो. आमचे हे कामावरून आले, हातपाय धुतले आणि बाहेरच्या खोलीत रेकॉर्ड लावली, की पाच मिनिटांत डब्यातल्या टाचण्या थरथरायला लागतात आणि दहाव्या मिनिटाला डबाच टेबलाच्या कडेकडे सरकायला लागतो. मी तो मागे ओढते, तो परत निघतो. एकतीस वर्षं एका हाताने शिवण आणि दुसऱ्या हाताने डबा, असं चाललंय माझं.

रेगे म्हणतात त्या संगीताला. तुम्हाला माहीत नसेल तर सुखी आहात, आणि सुखी राहायचं असेल तर आमच्याकडे येऊ नका. माणूस दिसला की यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही. फ्रिज दुरुस्त करायला आलेल्या माणसाला यांनी पाऊण तास खुर्चीवर बसवून ठेवलं. "हे बघा, बाकीच्या गाण्यांत ड्रम पहिल्या ठोक्यावर पडतो की नाही? इथे पहिला ठोका मोकळा. तिथे काही नाही म्हणजे नाही. आता तिसऱ्यावर लक्ष ठेवा. आला? आणि गिटार बघा कशी मधल्या फटीत च्यक करून जाते." तो बिचारा मान डोलवत होता आणि एक डोळा उघड्या फ्रिजवर ठेवून होता. आतलं दूध तेवढ्यात नासलं, ते मी ओतून दिलं.

हे सुतार. फर्निचरच्या कारखान्यात रंधा मारायच्या मशीनवर चौतीस वर्षं उभे आहेत. ते मशीन चालू असताना शेजारचा माणूस पेटला तरी कळणार नाही, इतका त्याचा आवाज. कानावर लावायचे गार्ड मालकाने दिले होते, ते यांच्या गळ्यात असायचे, दागिन्यासारखे. सांगून सांगून माझं तोंड दुखलं. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.

आमची ओळखच मुळी टेबलावरून झाली. मी तेव्हा नुकतं शिवणकाम सुरू केलं होतं आणि कापड बेतायला मोठं टेबल करायला टाकलं होतं. हे ते पोचवायला आले, पाय नीट बसलेत का ते हलवून बघितलं आणि जाताना एक कॅसेट टेबलावर ठेवली. म्हणाले, "टेबलाबरोबरची आहे." मला वाटलं टेबलाची निगा कशी राखायची ते सांगितलं असेल. लावली, तर धप्प, च्यक, धप्प, च्यक. आठ दिवसांनी परत करायला गेले तर यांनी विचारलं, "दुसरी बाजू ऐकली का?" आणि वर आणखी एक दिली. अशा अकरा कॅसेटी झाल्या. बाराव्या वेळी म्हटलं, लग्नच करून टाकू, निदान माझे हेलपाटे तरी वाचतील.

लग्नानंतर यांनी काय केलं असेल? पलंग नाही, कपाट नाही, आधी स्पीकरची दोन खोकी बनवली. माझ्या खांद्याइतकी उंच. कपडे सहा महिने बॅगेत होते.

आणि ते फेस्टिव्हल. गावाबाहेर तळ्याकाठच्या मैदानावर दरवर्षी दोन दिवस भरतं. सकाळी अकरापासून एकापाठोपाठ एक बँड. सतरा वर्षं आम्ही गेलो. हे, मी, आणि यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करणारे पेंटर. दोघे पुरुष पुढे कठड्याला लटकणार, आणि थर्मास, सतरंजी, छत्र्या, दोघांच्या चपला हे सगळं माझ्या गळ्यात. लोक विचारायचे, तुम्हालाही आवडतं का हो? मी म्हणायची, छे, कोणीतरी शुद्धीवर असलेलं माणूस बरोबर नको का? आता सतरा वर्षं बसल्यावर माणसाला चार गोष्टी कळतात, तो भाग वेगळा. भावंडांचा तो पाच जणांचा बँड होता, त्यांचा जुना ड्रमर गेल्यावर गाणी धावायला लागली. किंवा गाणारा कितीही मोठा असू दे, मागे उभ्या राहून सूर धरणाऱ्या त्या तीन बायका कच्च्या असतील तर सगळं ओम फस. हे मला कोणी शिकवलं नाही. बसल्याजागी कानावर पडत होतं, मी काय करणार?

तर हे सगळं असं चाललं होतं, आणि चार वर्षांपूर्वी यांचं बिनसलं.

पहिल्यांदा आवाज वाढला. आधी डबा दहा मिनिटांनी सरकायचा, तो दुसऱ्या मिनिटाला निघायला लागला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर खाली येऊन गेले. मी म्हटलं, "अहो, कमी करा." हे म्हणाले, "हं." आणि आणखी वाढवला. मग यांच्या तक्रारी सुरू झाल्या. हल्लीचे गायक तोंडातल्या तोंडात बोलतात, हल्ली रेकॉर्डिंग नीट करत नाहीत. जुन्याच रेकॉर्डबद्दल हे बोलत होते, बरं का. वीस वर्षांपूर्वी तोंड उघडून गाणारा माणूस त्याच रेकॉर्डवर आता तोंड मिटून कसा गाईल, हे त्यांना कोणी सांगायचं?

त्या वर्षी पेंटर तिकिटं काढायची म्हणून विचारायला आले, तर हे म्हणाले, "यंदा नको. पूर्वीसारखं राहिलं नाही." पेंटर माझ्याकडे बघायला लागले. मी खांदे उडवले. पुढच्या वर्षीही तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मी सगळ्यांना सांगितलं, सुटले बाई, त्या सतरंजीचं ओझं गेलं. सतरंजी माळ्यावर टाकली. खरं सांगायचं तर त्या दोन दिवसांत घरात काय करायचं ते मला सुचायचं नाही.

आणि घरात बोलणं संपत चाललं. मी काही सांगितलं की हे मान डोलावणार. गॅस संपलाय, हो. जिन्यातला दिवा गेलाय, हो. मी एकदा मुद्दाम म्हटलं, "मी उद्या घर सोडून चाललेय." हे म्हणाले, "बरं, जाऊन ये." मला वाटलं माणसाला आता माझ्यात काही रस उरलेला नाही. वय झालं की होतं असं काहींचं, म्हणतात. मीही मग बोलायचं कमी केलं.

कानाचं लक्षात आलं ते लेकीमुळे. ती दुसऱ्या गावी नोकरीला होती. एका रविवारी तिचा फोन आला, मी बाहेर होते, तिने बापाला सांगितलं, "बाबा, माझी नोकरी गेली." हे म्हणाले, "वा, छान झालं. तिकडे पाऊस आहे का?" लेक रडत मला फोन करते. "आई, बाबा माझ्यावर रागावलेत का गं?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एवढी वर्षं मीच कानाडोळा करत होते म्हणा.

कान तपासायला न्यायचं म्हणजे बैलाला जिना चढवायचा प्रकार. "मला सगळं ऐकू येतं. तूच पुटपुटतेस." शेवटी लेक स्वतः आली आणि दोन बाजूंनी धरून आम्ही नेलं. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन घातले, आवाज आला की बटण दाबायचं. कान तपासणारी मुलगी बाहेर बसून एकेक आवाज सोडत होती. जाड आवाजांना यांचं बटण टकाटक दाबलं जात होतं. मग आवाज बारीक होत गेले आणि यांचा अंगठा नुसता बटणावर ठेवलेला राहिला. हे समोर बघत होते, शहाण्या मुलासारखे, वाट बघत. भांडायला म्हणून आलेली मी, पर्सचा पट्टा पिळत बसले.

मुलगी म्हणाली, "मशीनच्या आवाजाने झालंय. काकांना बास, म्हणजे जाड आवाज, ऐकू येत असणार, पण बारीक आवाज, हळू बोललेलं, विशेषतः बायकांचं, त्यातलं बरंच निसटतं." मग दोन्ही कानांना ऐकायची मशीन दिली. बोटाच्या पेराएवढी.

मला वाटलं, सुटलो. कसलं काय. घरी येऊन यांनी पहिलं काम केलं ते रेकॉर्ड लावायचं. अर्धं मिनिट ऐकलं आणि चेहरा असा केला की जणू कोणी दुधात मीठ घातलंय. "पत्र्याच्या डब्यात खडे हलवतोय कोणीतरी. बास कुठे गेला?" मी म्हटलं, सवय होईल. "कसली सवय? बासच नाही तर उरलं काय?" मशीन काढली, ड्रॉवरमध्ये टाकली. म्हणजे मी किंवा बास, असा हिशेब झाला, आणि एकतीस वर्षांच्या संसारात निकाल कुणाच्या बाजूने लागला ते दिसलंच.

मी अबोला धरला. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवार गेला. ताट समोर ठेवायचं, उठायचं. एक शब्द नाही. आणि या माणसाला पत्ता नाही हो. मस्त जेवतायत, मान डोलावतायत. मी तोंड उघडत नव्हते आणि हे न बोललेल्यालाही "हो हो" म्हणत होते. अशा माणसाशी अबोला धरून उपयोग काय? शेवटी गुरुवारी मी शिवणाचा खडू घेतला आणि टेबलावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, मी तुमच्याशी बोलत नाही. हाताला धरून आणून दाखवलं.

यांनी वाचलं. म्हणाले, "कधीपासून?"

मी लिहिलं, सोमवारपासून.

यांनी टेबलाची कड हाताने चाचपली, स्वतःच केलेल्या टेबलाची. मग वळून गेले आणि ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला.

तेव्हापासून मशीन कानात राहिली, पण तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. रविवारी दुपारी हे बाहेर रेकॉर्ड लावून बसले, आवाज अगदी कमी. डबा जागचा हलत नव्हता. मी आत एका कोटाची चेन बदलत होते. चेन बसवणं म्हणजे किचकट काम, सगळं लक्ष तिथे. दोन गाणी झाली असतील. तिसऱ्याच्या मध्येच रेकॉर्ड बंद झाली. बघते तर हे दारात.

"पुन्हा म्हण."

"काय?"

"आत्ता म्हणत होतीस ते. मागच्या बायकांचं."

"मी? मी कशाला म्हणू? मी चेन बसवतेय."

"म्हणत होतीस. नेहमी म्हणतेस. शिवताना."

मी म्हटलं काहीतरीच. पण म्हणतानाच मला गळ्यात ते जाणवलं, अर्धं राहिलेलं. खरंच म्हणत होते मी. मला स्वतःला ठाऊक नव्हतं.

"कधीपासून ऐकताय?" मी विचारलं.

"हे टेबल केलं ना, त्या वर्षापासून. पाचवी कॅसेट असेल. मी टेबलाचा पाय बघायला म्हणून आलो होतो."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"बोललो असतो तर थांबली असतीस."

ते खरं होतं. लाजून थांबले असते आणि वर भांडले असते. हे दाराच्या चौकटीला टेकले. म्हणाले, "चार वर्षांपूर्वी थांबलीस. मला वाटलं, कंटाळली ही. आता नाही आवडत हिला. मी आवाज वाढवून बघितला, म्हटलं म्हणेल. नाही म्हणालीस. मग तुला त्या मैदानात ओढत कशाला न्यायचं?"

माझ्या हातातला कोट तसाच राहिला. मी कधी थांबलेच नव्हते. चार वर्षं मी आत गात होते आणि हा माणूस बाहेर बसून माझी वाट बघत होता. आणि मी म्हणत होते, याला माझ्यात रस उरला नाही. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. "विचारायचं तरी एकदा! चार वर्षं!"

"विचारलं असतं," हे म्हणाले, "तर तुझं उत्तर मला ऐकू आलं असतं का?"

मी नाक पुसलं, ते चुकून कोटाच्या अस्तराला. गिऱ्हाइकाला सांगू नका.

मग तोडगा निघाला तो यांच्याच सुतारी डोक्यातून. गाणं लागलं की उजव्या कानातलं मशीन काढून टाचण्यांच्या डब्यात ठेवायचं आणि तो कान बासला द्यायचा. डावा कान माझ्या वाटणीचा. म्हणजे आता मला कायम यांच्या डाव्या बाजूला राहावं लागतं. सोफ्यावर डावीकडे, जेवताना डावीकडे, रस्त्यात डावीकडे. चुकून उजवीकडे गेले की आहेच, हो हो आणि मान. माझी मान एका बाजूला धरलीय, त्याचं कोणाला काही नाही.

या वर्षी पेंटरनी न विचारताच तीन तिकिटं काढली. माळ्यावरची सतरंजी काढली तर तिला उंदरांनी कोपऱ्यात कुरतडलेलं. थर्मास, छत्र्या, चपला, सगळं पुन्हा माझ्या गळ्यात. आणि हे कठड्याशी कसे उभे राहिले माहीत आहे? सगळं मैदान स्टेजकडे तोंड करून, आणि हा एक माणूस आडवा. उजवा कान स्टेजकडे, डावा माझ्याकडे. मागच्यांना धड दिसेना. एका बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "अहो, यांना पुढे बघायला सांगता का जरा? स्टेज तिकडे आहे."

मी म्हटलं, "सांगते हो, पण त्याचं काय आहे," आणि तेवढ्यात गाण्यात मागच्या बायकांची ओळ आली, म्हणून त्यांना उत्तर द्यायचं राहून गेलं.