लिफ्टच्या मोटरचा आवाज

"अरे, तीस पोरांची पत्रं मी एकटा लिहीत बसू? आपापली लिहून आणा, मी सही ठोकतो!" मुलुंडच्या आमच्या कॉलेजात सर असे ओरडले, की पुढच्या नाहूर स्टेशनावरची कबुतरं उडाली.

बघा, सुरुवातीलाच फेकली. सवय. पण यापुढचं खरं आहे. गेल्या महिन्यापर्यंत हे मी कुणालाच, अगदी बायकोलासुद्धा, सांगितलं नव्हतं.

फिजिक्स शिकायला परदेशी जायचं होतं. मला आणि मेघनाला, एकाच विद्यापीठात. प्रयोगशाळेत आमचं टेबलही एकच. शिफारसपत्र विद्यार्थ्यानेच लिहायचं, सरांनी न वाचता सही करायची, ही आपल्याकडची रीत. कॉम्प्युटर माझ्या घरी होता, म्हणून मेघनाने हाताने लिहिलेला कागद माझ्याकडे दिला. "नीट टाइप कर हां. तुझ्या पुड्या नकोत त्यात."

माझं एखादं भाषण ऐकलंय का तुम्ही? मग तो किस्सा ठाऊक असेल. लेसरच्या प्रयोगात पडद्यावर पडणाऱ्या उजेडाच्या पट्ट्या तीन आठवडे थरथरत होत्या, सर हरले, सगळे हरले, आणि मी जमिनीला कान लावून ओळखलं की भिंतीपलीकडे लिफ्टची मोटर फिरतेय! दर भाषणात ती मोटर वाढत गेली. आता आगबोटीला पुरेल एवढी झालीय.

कान मात्र माझा नव्हता. मेघनाचा होता.

तिच्या कागदावर त्याबद्दल एकच ओळ होती. साधी, पुडी नसलेली. मी टाइप करायला बसलो आणि... तिकडे विद्यापीठात एकाच टेबलावर जाणाऱ्या दोन पत्रांत तीच ओळ कशी चालेल? असं मी स्वतःला विचारलं. विचारायचं काय होतं त्यात? ओळ माझ्या पत्रात गेली. तिच्या पत्रात मी लिहिलं: आज्ञाधारक, वक्तशीर, अक्षर सुंदर.

दोन्ही पत्रं सरांच्या टेबलावर ठेवली. सह्या झाल्यावर आम्ही आपापलं पत्र उचललं, आपापला लिफाफा चिकटवला.

मी गेलो. परत येऊन प्राध्यापक झालो. ती गेली नाही.

गेल्या महिन्यात एका शाळेत पाहुणा म्हणून बोलावलं होतं. मेघना तिथेच विज्ञान शिकवते, हे पोचल्यावर कळलं. ती पहिल्या रांगेत बसलेली. तरी माझ्या तोंडून मोटर निघालीच. जीभ थांबली नाही, की मी थांबवली नाही? तिने टाळ्या वाजवल्या, सगळ्यांसारख्याच.

नंतर स्टाफरूममध्ये, चहा समोर ठेवून, मी तिला सगळं सांगितलं. काहीही न वाढवता. आयुष्यात पहिल्यांदाच.

तिने वह्यांचा गठ्ठा सरळ केला.

"पत्र मी तेव्हाच वाचलं होतं रे. मला वाटलं, माझं पत्र सरांनी वाचलं आणि पटलं नाही म्हणून त्यांनीच ती ओळ काढायला लावली. मग पुन्हा अर्ज नाही केला."