बिनगंधकाचं डिझेल आणि मामांचा पाहुणचार

डिझेलमधलं गंधक कमी झालं याचं सुतक पाळणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच, ते म्हणजे माझे केंदूरचे मामा. ट्रॅक्टर दुरुस्तीत आयुष्य गेलेलं. तळहातावर दोन थेंब चोळून हुंगायचे आणि डिझेल कुठल्या पंपाचं ते सांगायचे. नवं डिझेल आलं आणि नाकाला काम उरलं नाही. "बिनमिठाची आमटी हाय ही. गंधकाबिगर इंजिन कोरडं पडतंय." मी घराण्यातला पहिला पदवीधर, तोही रसायनशास्त्राचा. गंधकाचा धूर छातीत जातो, नव्या गाडीतली धूर गाळणारी जाळी बिघडवतो, वंगणाची सोय डिझेलमध्ये आधीच केलेली असते, हे मी कितीदा समजावलं. मामा मान डोलवायचे आणि मामीला म्हणायचे, "पोरगं हुशार हाय, पर इंजिन कवा खोललं न्हाई."

"गाडी सावलीत लावतो," म्हणून पाहुण्याकडून चावी घ्यायची आणि इंजिन कोरडं पडू नये म्हणून डिझेलच्या टाकीत गुपचूप इंजिन ऑईल ओतायचं, हा त्यांचा पाहुणचार. पाहुण्याला चहा मामी द्यायची, गाडीला मामा पाजायचे.

गेल्या हिवाळ्यात मी मुक्कामी असताना सकाळीच मामीचा दमा उसळला. ओठ निळे पडले. तिला मागे मामांच्या खांद्याला टेकवून मी शिरूरच्या दवाखान्याकडे गाडी काढली. अर्ध्या वाटेत धुराची जाळी तुंबल्याचा पिवळा दिवा समोर लागला आणि गाडीची ओढच गेली. ऑईलच्या राखेनंच अशी जाळी तुंबते. पाय दाबून धरला तरी काटा चाळिसाच्या वर जाईना. मागे मामीची शिट्टीसारखी धाप.

"मामा, किती ओतलंत?"

मामा मामीची पाठ चोळत राहिले.

"मामा!"

"काल एक डबा. दिवाळीला दोन." मग बारीक आवाजात, "लाडानं वतलं रं."

माझ्या तोंडात शिवी आली. तेवढ्यात मामी धापा टाकत म्हणाली, "त्यांना... नगं बोलूस. गाडी हाक."

उसाचा एक जुनाट ट्रॅक्टर काळा धूर सोडत आम्हाला मागे टाकून गेला. एरवी अशा धुराला मान बाहेर काढून दाद देणाऱ्या मामांनी घाईने काच वर केली.

दवाखान्यात मामीला मास्क लावला. तासाभराने तिच्या ओठांना रंग आला. मामा बाकावर बसून होते.

"गॅरेजला लागूनच आमची चूल," ते म्हणाले. "मी इंजिन चालू करून ऐकत बसायचो, ती भाकरी थापायची. समदी वर्सं अशीच गेली. मला त्यो वास ग्वाड लागायचा. तिला कवा इचारलंच न्हाई."

गंधकाबद्दल मी मामांना इतकं शिकवलं, पण शेजारी खोकत भाकरी थापणाऱ्या मामीला विचारायचं मलाही कधी सुचलं नव्हतं.