सदूतात्यांचा पाय

ही गोष्ट माझ्या बायकोलासुद्धा मी कधी सांगितली नाही, आणि तिच्यापासून मी फार काही लपवलं नव्हतं. ज्या माणसाला सांगायला हवी होती, तो तर तिच्याही आधी गेला. आता उरलात तुम्ही. दोन-तीनदा मी सांगायला बसलो होतो — पण दर वेळी गाडीवरच घसरलो. कुठली गाडी, कसलं इंजिन, कार्बोरेटर कसा उघडायचा — आणि ऐकणारा खूश, मीही खूश. मेकॅनिकला लपायला इंजिनासारखी जागा नाही. आजही गाडीचं बोलणं येणारच, त्याला इलाज नाही. पण आज शेवटपर्यंत जायचं, हे ठरवूनच बसलोय.

पन्नास सालानंतरची गोष्ट. बारामतीत माझं लहानसं गॅरेज होतं — वर पत्रा, खाली मुरूम. गावात मोटारी बोटावर मोजण्याएवढ्या, बाकी मालट्रक. माझं वय कोवळं, पण नाव झालं होतं. वसंता नुसता आवाज ऐकून बिघाड सांगतो, असं लोक म्हणायचे. मी कधी कुणाला 'असं काही नसतं हो' म्हणालो नाही. गोड लागत होतं ना.

हा कान मला दिला कुणी? सदूतात्यांनी. ते मूळचे पणदऱ्याचे. आयुष्यभर घाटात ट्रक चालवून शेवटी निमगाव केतकीच्या एका बागाईतदारांच्या मोटारीवर ड्रायव्हर म्हणून लागले होते. त्या बागाईतदारांना सगळे आबा म्हणायचे. मी पोरसवदा असताना जळोचीच्या रस्त्यावर तात्यांनीच मला गाडी शिकवली. ते नेहमी अनवाणी गाडी चालवायचे. चपला काढून सीटखाली सारायच्या, मग स्टेअरिंगला हात. पेडल काय बोलतं ते चपलेला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या उजव्या पायाचा त्यांना केवढा अभिमान! बैलगाडीच्या मागे मैलभर चालायची वेळ आली तरी त्यांची गाडी कधी हिसका देत नसे. मागे बसलेल्या म्हातारीची डुलकी मोडत नसे.

आता एका चामड्याच्या तुकड्याकडे येतो. येतो म्हणजे — यावंच लागेल.

कार्बोरेटरमध्ये एक चिमुकला पंप असतो. पायाने पेडल दाबलं की तो पेट्रोलची बारीक धार आत सोडतो, म्हणजे इंजिन अडखळत नाही. त्या पंपात पेट्रोल पुढे ढकलायला तेव्हा चामड्याची वाटी असायची. आबांच्या गाडीची ती वाटी झिजली. नवी पुण्याहून यायची होती आणि आबांना भाचीच्या लग्नाला इंदापूरला जायचं होतं, गाडीतून वरमाईला आणायचं होतं. मी छाती ठोकून सांगितलं, होईल. वाटी काही आली नाही.

मग मी काय केलं? आमच्या विहिरीवर तेलाचं इंजिन बसल्यापासून पाणी उपसायची जुनी चामडी मोट गोठ्यात पडली होती. तिच्या सोंडेचं चामडं चांगलं मऊ होतं, वर्षानुवर्षं एरंडेल प्यायलेलं. त्यातून एक चकती कापली, ठोकून वाटीचा आकार दिला, बसवली. गाडी अशी चालली की विचारू नका. लग्न थाटात झालं. मी आबांना आणि तात्यांना सांगितलं, पुण्याचा माल आला, तोच बसवला.

खरं सांगितलं असतं तर बाजारात माझं कौतुकच झालं असतं, हे मला आज दिसतं. तेव्हा वाटलं, हसतील — विलायती गाडीत मोटेचा तुकडा! पण ही थाप म्हणजे माझा कबुलीजबाब नव्हे. ती नुसती सुरुवात होती.

काही आठवड्यांनी गाडी हिसके देऊ लागली. जोरात पळवली तर छान. जागेवर उभी असली तरी छान. पण बैलगाडीच्या वेगाने चालवताना पेडल जरा दाबलं की बिघडायची. तात्या म्हणाले, "वसंता, पाय टेकला की गाडी आदी दम धरती, मंग उडी मारती."

याहून सरळ कुणी काय सांगणार? तरी मी कंबर कसून भलतीकडेच शोधत राहिलो. प्लग काढून घासले. पॉइंट बदलले. टाकीपासूनची नळी फुंकून पाहिली. पेडलपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे सांधे हलवून पाहिले, कुठे ढिले आहेत का. क्लच खाली उतरवला. तात्या चालवायचे, मी पायरीवर उभा राहून बॉनेटला कान द्यायचो, आणि आम्ही जळोचीच्या रस्त्याने फेऱ्या मारायचो. सगळं तपासलं, एक सोडून. पंप मी उघडलाच नाही. तो मी स्वतः बसवला होता ना! आपल्या हातचं काम कोण तपासतं? एरंडेल पेट्रोलने धुऊन निघतं आणि चामडं आक्रसतं, एवढी साधी गोष्ट — शेतकऱ्याचा पोर असून मला सुचू नये?

मग निमगावच्या बाजारात ते घडलं. गर्दीतून गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती. तात्यांनी पाय टेकला, गाडीने दम धरला आणि उडी मारली. पुढच्या छकड्याच्या बैलाच्या मागच्या पायाला बंपर लागला. हाड मोडलं नाही, पण बैल लंगडला, आणि भर बाजारात आबांना त्या शेतकऱ्याची माफी मागावी लागली. बागाईतदार माणूस, स्वतःच्या दावणीला आठ बैल. मोटारीने दुसऱ्याचा बैल जायबंदी केला, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी तात्या गाडी घेऊन माझ्याकडे आले. मी त्यांना रेडिएटरसाठी पाणी आणायला पाठवलं आणि सगळी घमेंड बाजूला ठेवून पंप उघडला. वाटी हातात आली. कडक, आखडलेली, कडेला अर्ध्या नखाएवढी फट. पेट्रोलची धार सुटणार कुठून? मी ती अंगठ्याने दाबून पाहिली आणि माझे कान गरम झाले. सापडलं होतं. इतक्या दिवसांनी सापडलं होतं, आणि ते माझंच होतं.

तेवढ्यात आबा कुणाच्या तरी जीपमधून उतरले. मी मूठ मिटली. ते बसले नाहीत, पाणीही मागितलं नाही.

"वसंता, खरं सांग," ते म्हणाले. "गाडी का मानूस?"

उत्तर माझ्या मुठीत होतं. मूठ उघडायला कितीसा वेळ लागतो? आबा रागावले असते, चार शब्द बोलले असते. एवढंच ना? मी म्हणालो, "गाडीत काय न्हाय, आबा. तात्यांचा पाय आता पयल्यासारखा ऱ्हायला न्हाय. धरून बसत न्हाय पेडलवर."

आणि मागे बादली टेकवल्याचा आवाज आला.

तात्यांनी ऐकलं होतं. ते भांडतील असं मला वाटलं — खरं सांगायचं तर भांडावं असंच वाटत होतं. ते भांडले असते तर कदाचित माझी मूठ उघडली असती. पण त्यांनी फक्त आपल्या पायाकडे पाहिलं. मातीने भरलेला तो पाय त्यांनी थोडा पुढे घेतला, बोटं हलवून पाहिली. मी सांगतोय म्हणजे तसंच असणार, असं त्यांनी धरलं. मला कान त्यांनीच दिला होता ना. मग त्यांनी कोटाच्या खिशातून किल्ली काढली आणि आबांच्या हातात दिली. आबांनी बागेवर देखरेखीचं काम देऊ केलं, ते त्यांनी घेतलं नाही. सीटखालच्या चपला काढून पायात घातल्या आणि पणदऱ्याला भावाकडे गेले.

इथे थांबलो असतो तरी भरपूर झालं असतं. पण त्याच आठवड्यात पुण्याहून खरी वाटी आली आणि मी ती गुपचूप बसवली. आबांनी नवा ड्रायव्हर ठेवला, आणि गाडी लोण्यासारखी चालू लागली. सगळ्या निमगावाने पाहिलं. माझं खोटं मी स्वतःच्या हाताने खरं करून दाखवलं. माझं नाव आणखी वाढलं.

महिन्या-दोन महिन्यांनी तात्या कशासाठी तरी बारामतीला आले आणि गॅरेजात डोकावले. आबांची गाडी तेव्हा ऑइल बदलायला उभी होती. त्यांनी तिच्या मडगार्डवर हात ठेवला.

"चांगली चालती म्हनं," ते म्हणाले.

मी मान हलवली.

मग बाकड्यावर बसून त्यांनी तो उजवा पाय दुसऱ्या मांडीवर घेतला आणि आजारी पोराला कुरवाळावं तसा चोळत राहिले. म्हणाले, "वसंता, तुला कवापासनं वळखू आलं? मला तर काय जानवतबी नव्हतं."

ही माझी दुसरी संधी होती. शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. आबा नव्हते, बाजार नव्हता, कसली भीती नव्हती. आणि मी म्हणालो, "लग्नाच्या आदीपासनं, तात्या. तुमाला वाईट वाटंल म्हून बोललो न्हाय."

पहिलं खोटं मी घाबरून बोललो. हे दुसरं मी शांतपणे, विचार करून बोललो. इतकी वर्षं जे छातीवर बसलंय, ते हे आहे.

तात्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरं झालं बोल्लास त्या दिशी. आज बैल हुता, उंद्या लेकरू आलं असतं. मी तर चालवतच ऱ्हायलो असतो." आणि ते उठून स्टँडकडे गेले, पाऊल जपून टाकत. उजवा पाय ते आता जपून टाकायला लागले होते.

त्यानंतर त्यांनी कुठल्याही गाडीचं स्टेअरिंग धरलं नाही. पुढे पुतण्याने ट्रॅक्टर घेतला, त्याच्यावर बसायलाही ते तयार नव्हते. पाय भरवशाचा नाही, म्हणायचे. मी त्यांच्या तिरडीला खांदा दिला. तेव्हाही गप्पच होतो.

तात्यांच्या पायाला काहीही झालेलं नव्हतं. दोष पंपातल्या चामड्याचा होता, ते चामडं मी कापलेलं होतं, आणि दोन्ही वेळा बोलताना मला ते ठाऊक होतं.